उचलून नेता येणारी शाळा

नव्या माणसाला ओळख करून देताना मी हल्ली सांगते, की माझा धंदा संशय घेण्याचा आहे. लोक हसतात, पण ते खरं आहे. एखाद्या इमारतीच्या भिंती आणि छप्पर बाहेरचं ऊन किती अडवतात, दिवे-पंखे किती वीज खातात, हे सगळं ऊर्जा बचतीच्या नियमांत बसतं की नाही, ते तपासून दाखला द्यायचा, हे माझं काम. बारामतीत माझं छोटंसं ऑफिस आहे. बांधणारा नेहमी म्हणतो, सगळं नियमाप्रमाणे घातलंय. पण भिंत एकदा बंद झाली की आत काय घातलंय ते कोणाच्या बापाला दिसत नाही. तेव्हा न दिसणाऱ्या गोष्टीवर सही करायची, म्हणजे आधी संशय घ्यायलाच हवा.

इंदापूर तालुक्यातल्या त्या शाळेचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मार्च लागला होता. पळसदेवच्या पुढे, धरणाच्या फुगवट्याला लागून असलेलं गाव. जमीन सगळी काळी, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. शाळेची जुनी इमारत त्या जमिनीने खिळखिळी केली होती. भिंतींना हात जाईल एवढ्या चिरा गेल्या, तेव्हा ती धोकादायक ठरवून पाडली. मग एका कंपनीने गावाला चार तयार खोल्या दिल्या. कारखान्यात बनवायच्या, ट्रेलरवर घालून आणायच्या आणि क्रेनने उचलून सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवायच्या, अशा. उद्या जागा बदलली तर पुन्हा उचलून दुसरीकडे नेता येतात. देणाऱ्या कंपनीची अट एकच होती. पत्र्याची भट्टी नको, खोल्या ऊर्जा नियमांत बसल्याच पाहिजेत, आणि तसा दाखला मिळेपर्यंत काम पूर्ण झालं असं धरायचं नाही.

खोल्या बनवणाऱ्यांचा कारखाना पुण्याकडे होता. तिथली नमुन्याची खोली मी आधी पाहून आले होते. ती इतकी चांगली होती, की मला तिथेच काहीतरी खटकलं. दोन पत्र्यांच्या मध्ये जाड फोम, छताच्या वर ऊन अडवणारा भरपूर भराव, खिडक्यांवर झडपा. त्यांचे मॅनेजर मला प्रत्येक कोपरा हौसेने दाखवत होते. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, फार गोड बोलणारा माणूस. ज्याला काही लपवायचं नाही तो एवढं दाखवत नाही, असं माझ्या मनात आलं. पण तेवढ्यावरून काही लिहिता येत नाही.

गावात जायच्या दिवशी माझी गाडी गॅरेजमध्ये होती. मॅनेजरच म्हणाले, "मॅडम, मी बारामतीवरूनच जातोय, तुम्हाला घेऊन जातो." मी त्यांच्या गाडीत बसले. भिगवणपर्यंत ते बोलत होते, पुढे हायवेला लागल्यावरही बोलत होते.

शाळेच्या मैदानात चार पांढऱ्या खोल्या रांगेत उभ्या होत्या. दारांवरची प्लास्टिकची पट्टीसुद्धा अजून काढलेली नव्हती. आणि मुलं समोरच्या समाजमंदिराच्या ओट्यावर बसून पाढे म्हणत होती. ऊन सरकत ओट्यावर आलं होतं, तशी मुलं भिंतीकडे दाटीवाटीने सरकली होती.

"खोल्या तयार आहेत, मग मुलं बाहेर का?" मी विचारलं.

मुख्याध्यापिका पुढे आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, उंच, पदर घट्ट खोचलेल्या. गावात सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात, मीही तेच म्हटलं. माझ्याकडे एकदा, मी ज्या गाडीतून उतरले तिच्याकडे एकदा बघून त्या म्हणाल्या, "साफसफाई राहिलीय."

खोल्यांत धूळसुद्धा नव्हती. ही पहिली थाप, मी मनात म्हटलं.

मॅनेजर मला थेट पहिल्या खोलीत घेऊन गेले. माझ्याकडे पिस्तुलासारखा दिसणारा एक तापमापक असतो, भिंतीवर रोखून दाबला की तिथलं तापमान सांगतो. पहिल्या खोलीत सगळं छान निघालं. बाहेर रणरणतं ऊन होतं, आणि छत जेमतेम कोमट. दुसऱ्या खोलीत पाऊल टाकलं आणि डोक्यावर कोणीतरी गरम तवा धरल्यासारखं वाटलं. भिंती ठीक होत्या, पण छत तापलेलं. तिसऱ्या खोलीतही तसंच.

"या बाजूला ऊन जास्त येतं मॅडम," मॅनेजर म्हणाले.

चारही खोल्या एका रांगेत, एका तोंडाने उभ्या. ऊन एकीला वेगळं आणि दुसरीला वेगळं कसं येईल? मी पुढे गेले. चौथ्या खोलीला कुलूप होतं.

"किल्ली?"

बाई म्हणाल्या, "सापडत नाही."

"शोधा ना."

"शोधते," त्या म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.

मी दुसऱ्या खोलीचं छत थोडं उघडून बघायची परवानगी मागितली. मला वाटलं होतं मॅनेजर अडवतील. ते काही बोलायच्या आत बाईच म्हणाल्या, "नको. नवीन खोली आहे, फोडाफोड नको." मॅनेजरांच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते मला आवडलं नाही, आणि बाईंचं बोलणं त्याहून आवडलं नाही. मी जे विचारीन त्याला त्या 'हो', 'नाही' किंवा 'साहेबांना विचारा' एवढंच उत्तर देत होत्या. चहा आला तेव्हा त्यांनी पहिला कप मॅनेजरांच्या हातात दिला. एवढ्यातेवढ्याचंही मी मनात टिपण करत होते.

निघताना शाळा समितीचे अध्यक्ष, गावचे तात्या, मला मैदानाच्या कडेला भेटले. मॅनेजर फोनवर होते. तात्या आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, येक सांगू का? त्या कुलपाच्या खोलीत काय तरी हाय. टेंपो आला हुता, खोकी उतरवली. बाईंनी कुणाला आत जाऊ दिलं न्हाय. आन पोरास्नी बी खोल्यांत बसू देत न्हाईत. आमी इचारलं तर म्हणत्यात, थांबा."

"खोक्यांत काय होतं?"

"आता ते मला काय ठावं? बाई लई कडक. पर कुणाच्या मनात काय शिरंल, काय सांगावं?"

परतीच्या वाटेवर माझं मन पक्कं झालं होतं. बाईंना काहीतरी मिळालंय. मॅनेजर आणि त्या मिळून आहेत, म्हणूनच छत उघडू देत नाहीत. गाडीत मॅनेजर मध्येच म्हणाले, "बाई फार समजूतदार आहेत." आता तर काही शंकाच उरली नाही.

काही दिवसांनी मी कोणालाही न कळवता निघाले. माझी गाडी अजून दुरुस्तच होत होती, म्हणून एसटीने गेले. फाट्यावर उतरून गावापर्यंत चालत जावं लागलं. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला पाणी मागे हटल्यामुळे उघडा पडलेला गाळ, त्यात मासेमारीच्या होड्या कलंडलेल्या. सकाळची शाळा सुटत आली होती. बाई ओट्यावर वह्या तपासत होत्या. मला एकटीला चालत येताना बघून त्या उठून उभ्या राहिल्या.

"आज गाडी नाही?"

"कुठली गाडी?"

"साहेबांची."

"त्या दिवशी माझी गाडी बंद होती म्हणून त्यांच्याबरोबर आले. आज एसटीने आलेय. त्यांना माहीत नाही."

बाईंनी माझं तोंड न्याहाळलं. माझ्या चपलांवर फाट्यापासूनची धूळ बसलेली होती, तीही त्यांनी बघितली. मग कमरेला खोचलेली किल्ली काढली. "चला," म्हणाल्या.

चौथ्या खोलीत एसीची खोकी रचून ठेवली होती. न उघडलेली. खोलीत इतकं उकडत होतं, की आम्ही दोघी दारातच थांबलो.

"त्यांनी आणून टाकली," बाई म्हणाल्या. "मी मागितली नव्हती. म्हणाले, मॅडमची सही झाली की बसवून देतो, तोवर तुमच्याकडे असू द्या. मी म्हटलं, आधी सही आणि मग एसी, हा कुठला क्रम? खोल्या थंड असतील तर एसी कशाला, आणि थंड नसतील तर सही कशी होणार?"

"मग परत का नाही पाठवली?"

"परत पाठवली असती तर दाखवायला काय उरलं असतं? कोणी येईल ना तपासायला, त्याला दाखवू, म्हणून कुलूप घातलं. आणि आलं कोण? त्यांच्याच गाडीतून तुम्ही."

त्या दिवशी माझ्या डोक्यात त्यांच्याबद्दल जे चाललं होतं, तेच आणि तेवढंच त्यांच्या डोक्यात माझ्याबद्दल चाललं होतं. छत उघडू दिलं नाही तेही त्यामुळेच. त्यांना वाटलं, मी आणि मॅनेजर मिळून पहिल्या खोलीचं छत उघडणार, फोटो काढणार आणि सगळ्या खोल्या बऱ्या म्हणून लिहून देणार.

"पण मी दुसऱ्या खोलीचं म्हटलं होतं."

"तुम्ही काय म्हणालात ते मी ऐकलंच कुठे," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा जराशा हसल्या. मुलांना आत न बसवण्याचं कारणही त्यांनी सांगितलं. मुलं एकदा आत बसली, की शाळेने खोल्या ताब्यात घेतल्या असंच धरलं जाईल. मग कोण कशाला दुरुस्त करतंय? गाव त्यांना बोल लावत होतं, पालक ओरडत होते. तरी त्यांनी कारण कोणाला सांगितलं नव्हतं. गावात कोण कोणाच्या कानाला लागतो ते कळत नाही, म्हणाल्या.

तात्यांना बोलावलं. ते शिडी घेऊन आले. दुसऱ्या खोलीच्या छताचा एक चौकोन मी सोडवला आणि हात वर घातला. वर काहीच नव्हतं. नुसती पोकळी आणि तापलेला पत्रा, हात लावला तर चटका बसेल असा. तिसऱ्या खोलीत तेच, चौथीत तेच. मग पहिल्या खोलीचं छत उघडलं. तिथे नमुन्याच्या खोलीसारखा जाड, पिवळा भराव अगदी कडेपर्यंत बसवलेला होता. तपासणारा माणूस आधी जिथे जाणार, तेवढीच खोली त्यांनी नीट केली होती.

तात्या शिडीवर चढून स्वतः बघून आले. उतरल्यावर त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "आयला," एवढंच म्हणाले. मग बाईंकडे न बघता म्हणाले, "बाई, आमी काय बी बोललो असंल, मनावर घिऊ नगा."

मी मॅनेजरांना फोन केला. ते दुपारीच येऊन पोचले. छत उघडं बघून त्यांचा चेहरा उतरला, पण आवाज गोडच राहिला.

"मॅडम, भराव वाटेत भिजला. नवीन मिळायला वेळ लागत होता. म्हणून आम्हीच पदरचे एसी देतोय ना! शाळेला एसी मिळतोय, यात कोणाचं नुकसान आहे?"

बाईंनी खोलीतला पंखा लावला. तो कसाबसा फिरू लागला. "दुपारी काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारी चालू झाल्या की पंख्याची ही गत होते," त्या म्हणाल्या. "तुमचा एसी कशावर चालणार? आणि बिल कोण भरणार? दोन महिन्यांत मीटर तोडून नेतील. मग मुलं ह्या पत्र्याखाली शिजायची का?"

मॅनेजर माझ्याकडे वळले. "दाखला नाही मिळाला तर मला खोल्या परत न्याव्या लागतील, मॅडम. उचलायला एक दिवस पुरतो. मग ही मुलं पावसाळ्यात कुठे बसतील, त्याचा विचार तुम्हीच करा."

बाईंचा हात दाराच्या चौकटीवर गेला आणि तिथेच राहिला. पक्क्या इमारतीबद्दल अशी धमकी कोणी देऊ शकत नाही. ह्या खोल्या मात्र खरोखरच उचलून नेता येत होत्या.

दाखला देता येत नाही, असं मी देणाऱ्या कंपनीला फोटोंसकट कळवलं. पुढचे काही आठवडे वाईट गेले. खोल्या जाणार, ही बातमी गावभर झाली आणि दोष माझ्या माथी आला. एक दिवस तात्यांचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाले, "ताई, राग मानू नगा. गावात लोक म्हणत्यात, मॅडमला काय तरी पायजे असंल, म्हणून अडवलंय. तसं असंल तर सांगा, आमी बगू."

"तात्या, तुम्ही स्वतः शिडीवर चढून बघितलंत ना?"

"व्हय, बगितलं की."

"मग?"

"मग काय न्हाय," तात्या ओशाळून म्हणाले. "इचारलेलं बरं."

राग आला होता, पण फोन ठेवल्यावर वाटलं, ज्या हिशेबाने मी जगाकडे बघते, त्याच हिशेबाने गाव माझ्याकडे बघतंय. तक्रार कुठल्या तोंडाने करू?

मे महिन्याच्या सुट्टीत एका सकाळी बाईंचा फोन आला. "क्रेन आलीय. लवकर या."

मी पोचले तेव्हा मैदानात पिवळी क्रेन उभी होती. ड्रायव्हर सावलीत बसून तंबाखू मळत होता. दुसऱ्या खोलीच्या दारातल्या पायरीवर बाई बसल्या होत्या, आणि त्यांच्या आजूबाजूला गावातल्या बायका. कोणी कामावरून तशाच आलेल्या, खुरपी हातात. सुट्टी होती, पण पोरंही गोळा झालेली. मॅनेजर कपाळाला हात लावून उभे होते.

"मॅडम, तुम्हीच समजवा यांना. वरून हुकूम आलाय, भराव घालून द्या म्हणून. खालून तो नीट बसणार नाही. छप्पर उचलून वरून घालायचाय, म्हणून क्रेन आणलीय."

"भराव कुठे आहे?" बाईंनी पायरीवरूनच विचारलं.

"येतोय. मागच्या टेंपोत आहे."

"मग तो येऊ दे. तो आल्याशिवाय मी उठत नाही."

"बाई, क्रेन ताटकळत राहते हो."

"राहू दे."

मॅनेजर खरं बोलत होते की नाही, मला तरी कुठे माहीत होतं? मी देणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिकडच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, की होय, भराव घालून द्यायला सांगितलंय. मी ते सगळ्यांना सांगितलं. कोणीही जागचं हललं नाही. एक म्हातारी मला म्हणाली, "फोनवर कुणी बी काय बी बोलतंय, बाय." मग मीही त्या पायरीच्या कडेला, जेवढी जागा होती तेवढ्यात टेकले. कोणीतरी शेंगदाण्याची पुडी पुढे केली. ऊन चढत गेलं. मॅनेजर गाडीत जाऊन बसले, मग गाडीही तापली म्हणून उतरून समाजमंदिराच्या ओट्यावर गेले.

जेवणाची वेळ टळून गेल्यावर टेंपो आला. बाई उठल्या, थेट टेंपोकडे गेल्या आणि ताडपत्री वर करून बघितलं. पिवळ्या भरावाच्या गुंडाळ्या होत्या. त्यांनी त्यातली एक काढायला लावली, पहिल्या खोलीतल्या भरावाचा तुकडा आणवून तिच्याशेजारी धरला, दोन्ही दाबून बघितले, मग मलाही बघायला लावलं. जाडी सारखीच होती.

"आता करा," त्या म्हणाल्या.

काम दोन दिवस चाललं. छप्पर उचललं जायचं तेव्हा बायकांचा गलका व्हायचा आणि ते परत खाली बसेपर्यंत कोणी घरी जायचं नाही. एसीची खोकी त्याच टेंपोतून परत गेली. ती चढवून होईपर्यंत बाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

शाळा उघडायच्या आधी मी शेवटची तपासणी केली. पाऊस अजून पडला नव्हता, उलट जूनमधलं ते चिकट ऊन होतं. चारही खोल्यांची छतं सारखीच कोमट लागली. तरीही मी चौथ्या खोलीचा एक चौकोन काढून बघितला. बाईंनी तिसऱ्या खोलीचा दुसऱ्या टोकाचा चौकोन काढायला लावला. दोन्हीकडे भराव होता. मी दाखला दिला. बाईंनी तो ओळन् ओळ वाचला, जे कळलं नाही त्याचा अर्थ विचारला आणि मग भर दुपारी प्रत्येक खोलीत दार लावून, पंखा बंद करून थोडा थोडा वेळ एकट्या बसून आल्या. त्यानंतरच ताब्याची सही केली.

"तुमच्यावर भरवसा नाही असं नाही," मला म्हणाल्या.

"असू द्या," मी म्हटलं. "नसला तरी चालेल."

शाळेच्या पहिल्या दिवशी मुलं दप्तरं घेऊन आत शिरली. पायरी लोखंडी होती, तिच्यावर एवढे पाय पडून मोठा आवाज झाला. त्या आवाजाची मुलांना इतकी गंमत वाटली, की आत गेलेली बाहेर येऊन पुन्हा आत गेली. बाईंनी दोनदा ओरडून त्यांना बसवलं. तात्या नारळ घेऊन आले होते. मॅनेजरही आले होते, सगळ्यांशी हसून बोलत होते, जसं मध्ये काही झालंच नव्हतं.

जाताना ते मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही उगीच मनाला लावून घेतलं. अशा खोल्या आम्ही कितीतरी गावांत बसवल्या. कुठेच कोणी काही म्हणालं नाही."

सोलापूर हायवेवर अशा पांढऱ्या खोल्या घेऊन जाणारा एखादा ट्रेलर दिसला, की मी अजून मान वळवून त्याच्या छपराकडे बघते. बाहेरून काहीच कळत नाही.